हात गेला, पण काम का जावे?

१९८६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या बँकेची शाखा होती आणि मी तिथे नवाच अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. एके दिवशी कॅश बंद व्हायला पंधरा मिनिटे असताना पस्तिशीचा एक शेतकरी काउंटरवर आला. उजव्या बाजूची बाही कोपराशी दुमडून पिन लावलेली. सहा महिन्यांपूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेला होता. त्याला स्वतःच्याच बचत खात्यातले तीनशे रुपये काढायचे होते. डाव्या हाताने, ओठ घट्ट मिटून, त्याने स्लिपवर सही केली. कारकुनाने ती नमुना सहीशी ताडून पाहिली आणि स्लिप माझ्याकडे पाठवली. सही जुळत नव्हती. जुळणार कशी? ज्या हाताने नमुना दिला होता, तो हातच उरला नव्हता.

मी त्याला म्हणालो, “सही जुळत नाही. ओळखीचा माणूस घेऊन उद्या या.”

तो काही बोलला नाही. छत्री काखेत धरून निघून गेला. सही करता न येणाऱ्या खातेदाराकडून अंगठ्याचा, तोही नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा साक्षीदारांसमोर घ्यावा, असे आज नियमच सांगतात. त्या दिवशीही डाव्या अंगठ्याच्या ठशावर काम भागले असते. पण मला ते सुचले नाही. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, म्हशीसाठी कर्ज मागायला. मी त्याच्या अर्जावर शेरा मारला, ‘परतफेडीची क्षमता संशयास्पद’. एक हात नसलेला माणूस म्हैस कशी सांभाळणार, असा माझा हिशेब होता. त्याला मात्र मी ते विचारले नव्हते.

नोकरीत नंतर मी अनेक शेरे मारले. बहुतेक विसरलो. हा विसरलो नाही. हात किंवा पाय गमावलेल्या माणसाविषयी आपला सारा समाज असाच बसल्या जागेवरून शेरा मारत असतो, हे मला पुढे हळूहळू कळत गेले.

बोटांचा भाव

अवयवाची किंमत ठरवण्याचा प्रयत्न कायद्याने फार पूर्वीच केला आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. बँकेतल्या माणसाला व्याजदरांचा तक्ता वाचायची सवय असते, पण हा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट १२ टक्के. पंजा गेला तर ६० टक्के आणि खांद्यापासून हात गेला तर ९० टक्के. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. तक्ता निर्दय वाटला तरी त्यामागचा हेतू चांगला होता. मालकाने घासाघीस करू नये, कामगाराला निदान ठरलेले मिळावे, एवढाच तो हेतू.

पण माणूस तक्त्यात मावत नाही. ओरिसातल्या एका सुताराचा डावा हात अपघातानंतर कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, नुकसान अंशतः झाले आहे, भरपाईही तेवढीच. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र हे नुकसान पूर्ण, म्हणजे शंभर टक्के मानले. एका हाताने सुतारकाम होत नाही, इतके ते साधे होते. पुढे २०१० च्या एका निकालात न्यायालयाने हेच सूत्र अधिक स्पष्ट केले. शरीराचे अपंगत्व वेगळे आणि कमाईचे नुकसान वेगळे. डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची रोजीरोटी जवळजवळ पूर्ण जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र राहू शकते.

न्यायालयाने हे भरपाईच्या संदर्भात सांगितले. आपण ते उलटे करून वाचायला हवे. अवयव गेल्याने किती नुकसान होते, हे जर कामावर अवलंबून असेल, तर काम बदलून, अवजार बदलून, कामाची जागा बदलून ते नुकसान कमीही करता येईल. म्हणजे प्रश्न केवळ डॉक्टरांचा राहत नाही. तो मालकाचा, बँकेचा, शाळेचा आणि घरातल्या माणसांचाही होतो.

शेतात चालणारा पाय

ही गोष्ट ज्यांना फार आधी कळली, त्यांत जयपूरचे रामचंद्र शर्मा होते. लोक त्यांना मास्टरजी म्हणत. फारसे शिकलेले नव्हते, पण हाडाचे कारागीर. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद होते. त्या काळी विलायती धर्तीचा कृत्रिम पाय बसवला जाई. तो बुटात घालूनच वापरायचा. उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात अनवाणी उतरता येत नसे. रुग्ण पाय घेऊन घरी जात, काही दिवसांनी तो कोपऱ्यात ठेवत आणि पुन्हा कुबड्या घेत. दोष रुग्णांचा नव्हता. ज्याचे सारे आयुष्य जमिनीवर बसण्यात आणि शेतात चालण्यात गेले, त्याला खुर्चीवर बसणाऱ्याचा पाय दिला होता.

१९६८ च्या सुमारास डॉक्टर आणि कारागीर या जोडीने रबराचा पाय घडवला. टायर दुरुस्त करणाऱ्याकडचे रबर भाजण्याचे तंत्र त्यासाठी कामी आले. हा पाय घोट्यात वाकतो, बुटाशिवाय चालतो, पाण्यात भिजला तरी बिघडत नाही. १९७५ मध्ये तो लोकांपर्यंत पोचवण्यासाठी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली. १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींच्या हाताचे नाव त्या मानाने मागेच राहिले. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा हेच येते.

सुधा चंद्रन हा पाय लावून पुन्हा नाचल्या. १९८६ मध्ये आलेला ‘नाचे मयूरी’ आपल्यापैकी अनेकांनी घरच्यांबरोबर पाहिला, डोळे पुसले. पण पाय लावून पुन्हा रंगमंचावर जाणे एखादीलाच साधते. बाकीच्यांना लेथवर उभे राहायचे असते, रिक्षा चालवायची असते, भाजीची पाटी उचलायची असते. त्यांचे पुढे काय झाले, हे आपण विचारत नाही.

शिबिरानंतर

आपल्याकडे कृत्रिम अवयव वाटपाची शिबिरे होतात. मंडप, हार, प्रमुख पाहुणे, ओळीने बसलेली माणसे आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. या शिबिरांनी असंख्य गरिबांना उभे केले आहे, त्यांना नावे ठेवायचा माझा अधिकार नाही. पण पाय ही एकदा देऊन संपणारी वस्तू नाही, हे सांगायला हवे.

कापल्यानंतर उरलेला पायाचा भाग पहिल्या काही महिन्यांत आकसत जातो. ज्या वाटीत तो बसतो, त्या सॉकेटचे माप मग चुकू लागते. सॉकेट सैल झाले की घासते, जखम होते आणि माणूस पाय काढून ठेवतो. लहान मुलाला तर वाढीबरोबर पुन्हा पुन्हा नवे माप लागते. म्हणजे खरी गरज आहे ती जवळच्या गावात, बोलावले की भेटेल अशा माणसाची. साचा घेणारा, सॉकेट घडवणारा, चाल पाहून कोन सुधारणारा हा माणूस म्हणजे प्रोस्थेटिस्ट. त्याच्या जोडीला चालायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, एका हाताने बटण लावण्यापासून यंत्र चालवण्यापर्यंतची तालीम देणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि कार्यशाळेतला तंत्रज्ञ.

ही माणसे आहेत किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मानकांनुसार दर दहा लाख लोकसंख्येमागे या विषयातले पाच ते दहा तज्ज्ञ हवेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने आपल्या राज्यात साडेपाचशे ते अकराशे प्रोस्थेटिस्ट असायला हवेत. तुमच्या तालुक्यात एक तरी आहे का, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे या विषयाची पदवी घेता येते. बारावी विज्ञान शाखेनंतर प्रत्यक्ष कामाचे सहा महिने धरून साडेचार वर्षांचा हा अभ्यासक्रम. पुण्यात दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र आहे. दारात एवढे असून आमच्या घराघरांत दहावी-बारावीचा निकाल लागला की डॉक्टर आणि इंजिनिअर या दोन शब्दांपुढे चर्चा सरकत नाही. ज्या मुलाला शरीरशास्त्रही आवडते आणि हातात करवत-कानस घ्यायलाही आवडते, त्याच्यासाठी हा व्यवसाय जणू बेतलेला आहे. आईवडिलांना त्याचे नावच माहीत नसते.

आणि हे काम कमी होणारे नाही. पूर्वी पाय जायचा तो युद्धात, रेल्वेखाली किंवा यंत्रात. आता मधुमेहाने जातो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. पायाची संवेदना गेलेली असते, चप्पल चावलेली कळत नाही, जखम चिघळते आणि एक दिवस पाय कापावा लागतो. घरातल्या मधुमेही माणसाचे तळपाय रोज रात्री पाहा, हे सांगणारा माणूससुद्धा याच व्यवसायसाखळीतला आहे. त्याचे काम नीट झाले तर प्रोस्थेटिस्टकडे जायची वेळच येणार नाही.

नोकरीचे दार

ज्याचा अवयव गेला त्याच्या नोकरीबाबत कायदा आज बराच पुढे आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढू नये, जुने काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे द्यावे, तेही नसेल तर जादा पद निर्माण करावे, असे १९९५ च्या कायद्याने सांगितले. पाय कापावा लागल्यामुळे सेवेतून कमी केलेल्या एका कॉन्स्टेबलला २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे न्याय दिला. २०१६ च्या कायद्याने हे संरक्षण कायम ठेवले आणि सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर नेले. त्यातला हातापायांच्या अपंगत्वाचा वाटा मात्र एकच टक्का राहिला. उलट त्या एका टक्क्यात आता कुष्ठमुक्त, आम्लहल्ल्यातले पीडित असे आणखी वाटेकरी आहेत. त्यांचा हक्क कमी नाही, पण भाकरी तेवढीच आणि पंगत मोठी.

खासगी क्षेत्रात तर आरक्षण नाहीच. तिथे पाच टक्के अशी माणसे घेणाऱ्यांना सरकारने प्रोत्साहन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो. आणि यंत्रात हात जातो तो बहुधा छोट्या कारखान्यात, उसाच्या फडात, कंत्राटदाराकडे. जिथे अपघात जास्त, तिथे संरक्षण कमी, हा आपला उफराटा न्याय आहे.

याहून वेगळे काही करता येते का? येते, आणि ते अगदी फाटक्या देशात झाले आहे. अफगाणिस्तानात सुरुंगांनी हजारोंचे पाय नेले. काबूलमध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे कृत्रिम अवयव केंद्र १९८८ पासून आहे. १९९० मध्ये तिथे अल्बर्टो कैरो नावाचे इटालियन फिजिओथेरपिस्ट आले. त्यांनी केंद्रातल्या जागा अपंगांनाच देण्याचे धोरण धरले. पाय घडवणारे, चालायला शिकवणारे, हिशेब ठेवणारे असे जवळजवळ सारे कर्मचारी कधीकाळी त्याच केंद्राचे रुग्ण होते. नवा रुग्ण आला की पाय घेऊन समोर उभ्या असलेल्या माणसालाही कृत्रिम पायच असतो. निराळा उपदेश करावा लागत नाही. ज्यांना केंद्रात सामावता येत नाही, त्यांना दुकान-धंद्यासाठी छोटी बिनव्याजी कर्जे दिली जातात. हे वाचले तेव्हा मला माझा तो शेरा आठवला.

आपल्यालाही हे नवे नाही. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनी बोटे झडलेल्या हातांना भीक नाही, काम दिले. त्या हातांनी विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले. काम देणे हेच औषध, हे आपल्या मातीत सिद्ध झालेले आहे. मग सहकारी बँकेत, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, जिल्ह्याच्या कृत्रिम अवयव कार्यशाळेत पहिली खुर्ची अशा माणसाला का मिळू नये?

त्या शेतकऱ्याचे काय झाले, ते सांगायचे राहिले. तीन वर्षांनी म्हशींच्या कर्जाच्या वसुलीसाठी मी शेजारच्या गावच्या दूध संस्थेत गेलो होतो. हप्ते दुधाच्या बिलातून कापून घ्यायचे असत. टेबलामागे तोच माणूस बसला होता, संस्थेचा सचिव म्हणून. त्याने सावकाराकडून जबर व्याजाने पैसे उचलून म्हैस घेतली होती. धार बायको काढी, दूध तो पोचवी. पुढे संस्थेचे खतावणीचे काम त्याच्याकडे आले. डाव्या हाताचे अक्षर सुरेख झाले होते.

त्याने मला ओळखले. चहा मागवला. वसुलीच्या यादीवर सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “साहेब, बघा, आता जुळती का.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच मला मान वर करता आली नाही. आमच्या बँकेने त्याचे कर्ज नाकारले आणि सावकाराने दिले. त्या व्याजातला फरक त्याने तीन वर्षे भरला. तो फरक माझ्या शेऱ्याचा होता.