मुरलेली आयरिश व्हिस्की ‘अभिजात’, मग सिंदेवाहीची मोहाची दारू ‘गावठी’ का?

१/ जुन्या आयरिश व्हिस्कीचा रसिक चषकातील रंग न्याहाळतो, गंध घेतो, घोट जिभेवर रेंगाळू देतो. या रसिकतेला आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तिच्या आडच्या समजुतीला: अभिजात चव युरोपात जन्मते आणि चंद्रपूरच्या जंगलात निव्वळ नशा गाळली जाते.

२/ तंत्र एकच आहे. आंबवायचे, तापवायचे, वाफ थंड करून थेंब गोळा करायचे. तिकडे जव, इकडे मोहफूल. मार्च-एप्रिलच्या पहाटे गळणारी ही गोड फुले वाळवली की पुष्कळ काळ टिकतात. दुष्काळात त्यांनीच माणसे जगवली.

३/ आयर्लंडमध्येही ‘गावठी’ होती. १६६१ साली इंग्रजी राजवटीने तेथे मद्यावर कर लादला. पुढे कर भरलेली ती ‘पार्लमेंट व्हिस्की’ आणि शेतकऱ्याने लपून गाळलेली ‘पोचीन’ ठरली. पोचीनला देशांतर्गत विक्रीची कायदेशीर मुभा मिळाली ती थेट १९९७ मध्ये! दोहोंतला भेद चवीने नव्हे, महसुलाने ठरवला.

४/ आपल्याकडेही तेच घडले. ठाणे-कुलाब्यात मोहफुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा १८९२ मध्ये आला. तेव्हा मध्य प्रांतात असलेल्या चांदा जिल्ह्यातही दारू गाळण्याचा हक्क सरकारी परवान्याच्या हाती गेला.

५/ “पण मोहाची दारू मुरवलेली कुठे असते?” आयरिश व्हिस्की किमान ३ वर्षे लाकडी पिंपात ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यासाठी गोदाम, भांडवल आणि निर्धास्तपणा लागतो. येथे हातभट्टीची दारू बाळगणे हाच गुन्हा. मग मुरवणार कोण आणि कुठे?

६/ “दारूबंदी तर स्त्रियांनीच मागितली होती.” खरे आहे, आणि तो लढा आदरणीय आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये, चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली, ती मोडलेल्या संसारांच्या अनुभवातून. व्यसनाचे दुःख खोटे नाही. पण ते दुःख विलायती बाटलीतूनही तितकेच येते.

७/ २०२१ मध्ये चंद्रपूरची बंदी उठली. परवानाधारक बार आणि दुकाने पुन्हा उघडली. मोहाची भट्टी मात्र गुन्हाच राहिली. म्हणजे सिंदेवाही तालुक्यात व्हिस्की पिणारा ग्राहक, आणि मोह गाळणारा आरोपी. ही नैतिकता नव्हे. ही अबकारी खात्याची जमाखर्चाची वही आहे.

८/ गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा मानले. मोहाच्या वाट्याला महाराष्ट्रात पोलिसांचा छापा आला.

९/ वाघाच्या जंगलात जीव मुठीत धरून पहाटे मोह वेचणाऱ्या बाईला कोणी रसिक म्हणत नाही. फूल किती पिकले, किती वाळले हे ती वासावरून ओळखते. पिंपाचे वय सांगणाऱ्याला जाणकार म्हणायचे आणि तिला अडाणी, हा निवाडा चवीचा नाही. तो सत्तेचा आहे.