गल्ल्यावरचा माणूस बदलताना

आपल्या कर्जत-खालापूरकडे मुंबई इंडियन्स म्हणजे घरचा संघ. म्हणून २०२४ चा सीझन जरा जास्तच लागला. पाच वेळा आयपीएल जिंकलेला संघ १४ पैकी फक्त ४ सामने जिंकला आणि दहाव्या, म्हणजे शेवटच्या नंबरावर गेला.

माल कमी होता का? अजिबात नाही. रोहित, सूर्या, बुमराह, सगळे होते. एकट्या बुमराहने २० विकेट काढल्या. नवा कॅप्टन हार्दिकही कच्चा नव्हता. २०२२ ला त्याने गुजरातला कप जिंकून दिला होता. पण रोहितच्या जागी तो आला, हे प्रेक्षकांच्या गळी उतरलं नाही. वानखेडेवर आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

माझं मत विचाराल तर गडबड झाली ती गल्ला सोपवण्यात.

आपल्याकडे वेगळं काय होतं? वडिलांच्या दुकानात एक दिवस अचानक मुलगा बसतो. माल तोच, भाव तोच, तरी जुनं गिऱ्हाईक विचारतं, "काका कुठे गेले?" आणि हळूहळू समोरच्या दुकानात जायला लागतं. म्हणून आधी सहा महिने दोघं शेजारी बसा. वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं, "आता हा बघतो."

आणि एक सीझन पडला म्हणून घाबरून परत माणूस बदलू नका. २०२५ मध्ये कॅप्टन हार्दिकच राहिला. पहिल्या पाचपैकी चार सामने हरूनही संघ प्लेऑफमध्ये पोचला.

तुमच्या धंद्याचा पुढचा कॅप्टन कोण? आजच वहीत नाव लिहा. याच आठवड्यात गिऱ्हाइकांशी त्याची ओळख करून द्या.