मोडलेलें हाड आणि आपली उतावीळ

शरीराच्या बहुतेक जखमा भरून आल्या म्हणजे मागें व्रण राहतो. हाडाचें तसें नाहीं. मोडलेलें हाड नव्या हाडानेंच जुळून येतें. निसर्गाची ही देणगी आपण आपल्या उतावीळपणानें पुष्कळदां वायां घालवितों, असें आमचें मत आहे.

अस्थिभंग सर्व सारखे नसतात. कातडी शाबूत राहून हाड मोडलें तर तो साधा भंग. जखम हाडापर्यंत पोंचली तर तो उघडा भंग, आणि त्यांत जंतू शिरण्याचें मोठें भय असतें. कधीं हाडाचे अनेक तुकडे होतात. लहान मुलांचें हाड ओल्या फांदीप्रमाणें एका बाजूस तडकतें व दुसऱ्या बाजूस नुसतें वांकतें. म्हणून ‘बोटें हालतात, अर्थीं हाड मोडलें नाहीं’ हा समज खोटा होय.

हाड मोडतांच तेथें रक्त सांकळतें. दोन-तीन आठवड्यांत त्या जागीं मऊ जोड तयार होतो. पुढें त्यांत चुन्याचे क्षार सांठून तो कठीण होतो. मुलाचें मनगट बहुधा ४ ते ६ आठवड्यांत जुळतें. मोठ्या माणसाच्या मांडीच्या हाडास ३ महिने किंवा अधिक लागतात. त्यानंतरही कित्येक महिने शरीर तो ओबडधोबड जोड तासून सारखा करीत असतें. तेव्हां उपचार करणाराचें काम इतकेंच, कीं तुकडे जागेवर आणावे, स्थिर ठेवावे आणि धीर धरावा.

परंतु रुग्णालय दूर, खर्चाचें भय, म्हणून आपण प्रथम तेल लावून चोळतों, मग कामट्या आंवळून बांधवितों. आंत सूज वाढते, रक्ताचा प्रवाह कोंडतो, आणि कांहीं तासांतच स्नायू मरूं लागतात. जें हाड सहज जुळलें असतें, त्यापायीं हात गमवावा लागतो.

हाडवैद्यांस आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. लिव्हरपूलचे प्रख्यात डॉक्टर ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) हे वेल्समधील हाडवैद्यांच्याच घराण्यांतले. वडिलांनीं त्यांस वैद्यकीचें रीतसर शिक्षण दिलें. मोडलेल्या अवयवास दीर्घ विश्रांति हवी, हा त्यांचा आग्रह असे. आणि त्यांनीं योजिलेल्या पायाच्या आधारपट्टीनें पहिल्या महायुद्धांत अनेक सैनिकांचे प्राण वांचले. हस्तकौशल्यास शास्त्राची जोड मिळाली म्हणजे काय होतें, तें यावरून दिसतें. शिवाय १८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधून काढल्यापासून मोडलेलें हाड डोळ्यांनीं पाहतां येतें. मग चांचपून अंदाज कां करावा?

विद्यार्थिमित्रहो, खेळतांना पडलांत तर माराच्या भीतीनें घरीं लपवूं नका. पालकांस आमची विनंति ही, कीं दुखरा अवयव चोळूं नये; आहे त्या स्थितींत फळीचा सैल आधार देऊन मुलास रुग्णालयांत न्यावें. प्लास्टर घातल्यावरही बोटें गार, निळसर वा बधिर झालीं, किंवा वेदना वाढत चालली, तर सकाळची वाट न पाहतां डॉक्टरांकडे परत जावें. हाड जुळण्यास आठवडे लागोत. हात वांचविण्यास मात्र कांहीं तासच मिळतात.