कुलूप, किल्ली आणि परभणीतला एक डबा

या लेखात मला दोन प्रकारच्या माणसांशी भांडायचे आहे. ॲपलने न बनवलेल्या संगणकावर मॅकची प्रणाली बसवणे ही सरळसरळ चोरी आहे, असे म्हणणारे पहिले. त्याच उद्योगाला 'जुगाड' म्हणून डोक्यावर घेणारे आणि गावाकडच्या पोरांच्या बुद्धीचा तो पुरावा म्हणून मिरवणारे दुसरे. दुसऱ्यांशी थोडे अधिक भांडायचे आहे, कारण ते आपलेच लोक आहेत.

निमित्त घरचेच आहे. माझा भाचा परभणीत वसमत रोडला राहतो. शिक्षण संगणकाचे, वय तेवीस. एका खाजगी शिकवणीच्या चालकांनी त्याला विद्यार्थ्यांसाठी ॲप करायला सांगितले. त्याच्या आयुष्यातले हे पहिलेच मोबदल्याचे काम. अट एवढीच की ते अँड्रॉइडवर चालले पाहिजे आणि आयफोनवरही. अँड्रॉइडसाठी कोणताही बरा संगणक पुरतो. आयफोनचे ॲप सिद्ध करायला मात्र एक्सकोड लागते, आणि एक्सकोड फक्त मॅकच्या प्रणालीवर चालते. एम 4 चिपचा मॅक मिनी 2024 च्या अखेरीस भारतात आला तो 59,900 रुपयांना. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. म्हणजे सव्वाबारा क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव पदरात पडला तर. भाच्याने हा हिशेब माझ्याआधीच केला असणार. त्याने पंधराएक हजारांत इंटेलच्या एन 100 प्रोसेसरचा, जेवणाच्या डब्याएवढा एक मिनी संगणक मागवला आणि ओपनकोअर नावाची आज्ञावली वापरून त्यावर मॅक चढवायला बसला.

चार दिवसांनी फोन आला. "मामा, बूट व्हायलंय, पण पुढं जाईनाच गेलंय."

मी गेलो. मला त्यातले फारसे कळत नाही. पण कळत नसलेली संहिता वाचायची कशी, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला थोडे तरी ठाऊक असते. पडद्यावर ओळींचा लोंढा येई आणि 'एक्झिट बीएस स्टार्ट' अशा शेपटाच्या ओळीवर सगळे थबके. भाचा चार दिवस त्या शेवटच्या ओळीच्या मागे लागला होता. जो सापडेल त्याची तयार मांडणी उचलायची, आपल्या पेनड्राइव्हवर उतरवायची, पुन्हा तिथेच अडकायचे. मी विचारले, "अरे, या ओळीचा अर्थ काय?" तो म्हणाला, "अर्थाचं माहीत नाही मामा, हे टाकलं की काहीजणांचं चालतं."

अर्थ पाहिला तेव्हा गंमत कळली. त्या ओळीशी सुरुवातीच्या आज्ञावलीचे काम संपते आणि यंत्राचा ताबा प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे जातो. कर्नेलने अजून तोंड उघडलेले नसते. त्याने एक शब्द उच्चारण्यापूर्वीच प्राण सोडला, तर पडद्यावर दिसते ती आधीच्या वक्त्याची शेवटची ओळ. दोष ओळीत नव्हताच. भाच्याने उचललेली मांडणी प्रोसेसरच्या निराळ्या पिढीसाठी केलेली होती. ॲपलने कधीच न वापरलेला प्रोसेसर पाहून कर्नेल दचकत होता, आणि स्मृतीच्या आराखड्याबाबतच्या दोन-तीन खुणाही चुकीच्या होत्या. इंटेलच्या जुन्या, दहाव्या पिढीच्या प्रोसेसरची ओळख या डब्याला उसनी दिली, खुणा बदलल्या, आणि गाडी पुढे सरकली. मग वर्तुळात तिरकी रेघ असलेले निषेधाचे चिन्ह आले. त्याचा अर्थ असा की ज्या पेनड्राइव्हवरून हे सारे चालले आहे तोच आता प्रणालीला दिसेनासा झाला आहे. मॅकची प्रणाली 2015 च्या आवृत्तीपासून एका नियंत्रकावर पंधराच यूएसबी द्वारे मोजते, त्यामुळे आपल्याला हवी ती द्वारे कोणती हे तिला लिहून द्यावे लागते. तेही दिले. पहाटे तीनला मॅकचा पडदा उजळला आणि पोराच्या डोळ्यांत पाणी आले. हे मी थट्टेने लिहीत नाही.

आता पहिल्या मंडळींकडे वळतो. चोरी कशाची झाली? 2007 साली ही प्रणाली 129 डॉलरला विकली जात असे. 2013 पासून ती विनामूल्य आहे. वस्तू फुकट द्यायची आणि ती आमच्याच भांड्यातून नेली पाहिजे अशी अट करारपत्रात घालायची, हा व्यापार आहे. व्यापार करायला कोणाची ना नाही. पण त्याला नीतीचा शेंदूर फासू नये. गंमत म्हणजे ॲपलने हा शेंदूर अक्षरशः फासला आहे. इंटेलच्या मॅकमध्ये प्रणालीचे काही भाग सांकेतिक रूपात ठेवलेले असत, ते उघडणाऱ्या घटकाचे नावच 'डोन्ट स्टील' असे सुरू होते, आणि किल्ली होती चौसष्ट अक्षरांची: आमच्या कष्टांची चोरी करू नका अशी एक इंग्रजी विनवणी. 2006 च्या सुमारास तर फोडाफोडी करणाऱ्यांसाठी प्रणालीत एक छोटी कविताही दडवली होती. कुलपाच्या पोटात कविता ठेवणारा कारखानदार जगात दुसरा नसेल.

न्यायालयाने ॲपलच्या बाजूने कौल दिला आहे, हे खरे. सायस्टार या फ्लोरिडातील कंपनीने 2008 मध्ये मॅकची प्रणाली घातलेले संगणक विकायला काढले. 2009 च्या डिसेंबरात तिच्यावर कायमची मनाई आली आणि 2011 मध्ये अपिलातही ती टिकली. पण सायस्टार दुकान मांडून बसली होती. आपल्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात 2012 साली घातलेले 65 अ हे कलम तांत्रिक कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, तेही हक्कभंगाच्या हेतूने फोडले असेल तर. भाच्याचा हेतू शिकवणीचे ॲप करण्याचा होता. करार मोडला, हे मान्य. करार मोडणारा आणि चोर यांना एकाच शब्दाने संबोधणाऱ्यांनी शब्दकोश तरी उघडावा.

आता आपले लोक. पहाटेचा तो उजळलेला पडदा पाहून शेजारच्या एका सद्गृहस्थांनी भाच्याची पाठ थोपटली आणि 'आमच्या मराठवाड्याच्या मातीत' वगैरे भाषण केले. ते भाषण चालू असतानाच पडद्यावर खिडकी सरकवली तर ती थरथरत, तुकड्यातुकड्यांनी सरकत होती. यंत्राची माहिती पाहिली तर चित्रफलकाची स्मृती सात एमबी. कारण साधे होते. ॲपलने 2020 मध्ये इंटेलची साथ सोडायला सुरुवात केली. इंटेलच्या दहाव्या पिढीनंतरचे अंगभूत ग्राफिक्स एकाही मॅकमध्ये बसले नाही, म्हणून त्याचा चालक ॲपलने लिहिलाच नाही. प्रोसेसरला उसनी ओळख देता येते. चालक नसेल तर ग्राफिक्सला काहीही देता येत नाही. ही चूक दुरुस्त होण्याजोगी नव्हतीच. हे पहिल्याच दिवशी कळू शकले असते, पण कळण्यासाठी आधी वाचावे लागते, आणि जुगाडाच्या संस्कृतीत वाचणे हा वेळेचा अपव्यय मानला जातो.

मला ज्ञात असलेली कुलूप उघडण्याची सर्वांत थोर मराठी कथा महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांची आहे. शतकानुशतके सकळ लिपी आणि तिच्या भावंडांत बंद असलेले ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्या हाती उलगडले आणि मराठी गद्याचा इतिहासच मागे सरकला. ती किल्ली एकदा सापडली ती कायमची, सर्वांसाठी. माझ्या भाच्याने चोवीस रात्री जागून जी विद्या मिळवली तिची मुदत दुसऱ्याच्या खिशात आहे. ॲपलने जून 2025 मध्ये सांगून टाकले की त्या वर्षीची ताहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. ॲप स्टोअरला लागणारी एक्सकोडची आवृत्ती दरवर्षी वर सरकते. म्हणजे हा रस्ता भिंतीकडे जातो, आणि भिंत किती वर्षांवर आहे तेही सांगून झाले आहे. ग्रंथ उघडणे आणि दुकानाचे मागचे दार ढकलणे यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी पोरांच्या पाठी थोपटू नयेत.

(हा रोग आपल्याला नवा नाही. नव्वदच्या दशकात मराठी अक्षरजुळणीच्या आज्ञावल्या संगणकामागे खोचायच्या 'लॉक'शिवाय चालत नसत. ते लॉक हरवल्यामुळे किंवा तो फाँट कालबाह्य झाल्यामुळे किती छोट्या नियतकालिकांचे जुने अंक आज वाचताच येत नाहीत, याची मोजदाद कोणी तरी करावी. असो.)

माझे भांडण शेवटी एका साध्या गोष्टीपाशी येते. एकट्याला न परवडणारे पुस्तक गावाने मिळून घ्यायचे, यालाच आपण वाचनालय म्हणतो. ज्या परभणीने 1995 साली नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरवले, त्या परभणीला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. मग एखाद्या ग्रंथालयाने, महाविद्यालयाने साठ हजारांचे एक यंत्र घेऊन ते तासातासाने मुलांना का वापरू देऊ नये? यावर मला मिळालेले उत्तर असे: "ते दोन-चार पोरांच्याच कामाचं." संस्कृत-मराठी कोश किती जणांच्या कामाचा असतो? तो आपण कपाटात ठेवतोच, आणि योग्यच करतो. पाठ थोपटायला पैसे लागत नाहीत, यंत्राला लागतात. जुगाडाच्या कौतुकामागचे खरे अर्थशास्त्र मला एवढेच दिसते. पोराने स्वतःच काहीतरी जमवले की बाकीच्यांची जबाबदारी संपते.

भाच्याने डबा पुसून त्यावर लिनक्स बसवले. अँड्रॉइडचे ॲप त्यावर आठवड्यात झाले. यंत्र मुळात चांगले होते. आयफोनच्या ॲपसाठी तो शनिवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला मित्राकडे गेला, रविवारभर त्याच्या मॅकवर बसला आणि सोमवारी पहाटे परभणी स्थानकावर उतरला. ॲपमध्ये दुरुस्ती निघाली की पुन्हा जावे लागते. आतापर्यंत तीनदा गेला आहे.