पहिलं कॉमिक आत्मकथेचं

कॉमिक्स कधी न वाचलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदाच ‘वॉचमेन’ देऊ नये. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं ते काम थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण १९८६-८७ मध्ये आलेल्या त्या बारा अंकांच्या मागे अमेरिकन सुपरहिरोंची जवळपास पन्नास वर्षांची परंपरा उभी आहे आणि मूर त्या परंपरेशीच भांडतो आहे. भांडण कशावरून चाललंय हेच ज्याला ठाऊक नाही, तो वीस पानांत कंटाळतो, ‘आपल्याला नाही बुवा जमत’ म्हणतो आणि पुस्तक परत करतो. मग पुन्हा त्या वाटेला जात नाही. ‘सर्वोत्तम शंभर कॉमिक्स’ छापाच्या याद्या अशा वाचकाच्या काही कामाच्या नसतात. त्या आधीच वाचणाऱ्यांनी एकमेकांसाठी केलेल्या असतात.

कुणी कॉमिक सुचवा म्हटलं की मी आधी विचारते, एरवी काय वाचता? मराठी वाचकाचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: आत्मचरित्रं. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘बलुतं’ घरोघरी वाचणारी माणसं आपण. आणि योग असा, की गेल्या चाळीस वर्षांत कॉमिक्सनी सगळ्यात मोठी मजल मारली ती आत्मकथनात आणि चरित्रात. तेव्हा मराठी माणसाचं पहिलं कॉमिक आत्मकथेचं असावं, हे माझं ठाम मत आहे.

शेजारच्या काकूंना मी मार्जान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’ दिलं. त्यांनी पहिल्याच पानावर अडून विचारलं, “अगं, आधी चित्र बघू की आधी वाचू?” प्रश्न अगदी रास्त होता. आपली पिढी अनंत पैंच्या ‘अमर चित्र कथे’वर आणि ‘इंद्रजाल’च्या वेताळावर वाढली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनी ‘अमर चित्र कथे’ची पानं देखणी केली, पण गोष्ट पुढे नेण्याचं बरंचसं काम चौकटीच्या माथ्यावरचा मजकूर करायचा. त्यामुळे मजकूर वाचायचा, चित्रावर नजर फिरवायची आणि पान उलटायचं, ही सवय लागली. ‘पर्सेपोलिस’ला ती चालत नाही. १९८० सालचं इराण, दहा वर्षांची मार्जी, शाळेत मुलींना डोक्यावर रुमाल सक्तीचा झालाय. मजकूर एवढंच सांगतो की तो आम्हाला फारसा आवडला नाही. खालच्या चित्रात मात्र शाळेचं अंगण आहे आणि मुलींनी त्याच रुमालाची दोरी करून उड्या मारायला सुरुवात केलीय. एकीने त्याचा लगाम केलाय, दुसरी तो पांघरून भूत झालीय. सक्ती आणि बालपण यांची टक्कर त्या एका काळ्या-पांढऱ्या चित्रात आहे. मी काकूंना म्हटलं, “चौकटीत आधी थोडं थांबा काकू. माणसांचे हात काय करतायत ते बघा, मग वाचा.” दोन दिवसांनी त्यांनी दुसरा भाग मागितला.

‘पर्सेपोलिस’ रुचलं की आर्ट स्पिगलमनचं ‘माऊस’ द्यावं. १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं, पण ते सांगून कुणाला पुस्तक देऊ नये, दडपण येतं. बाप-लेकाची गोष्ट म्हणून द्यावं. म्हातारा व्लादेक न्यूयॉर्कमधल्या घरी व्यायामाच्या सायकलवर पायडल मारत मुलाला पोलंडमधले, आउशवित्झमधले दिवस सांगतो. मधेच गोळ्या मोजतो, काडेपेटीतल्या काड्या वाया घालवल्या म्हणून कुरकुरतो. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं, ही योजना ऐकताना बालिश वाटेल. पण व्लादेक आणि त्याची बायको आन्या पोलिश असल्याचं भासवत सोस्नोव्हिएट्सच्या रस्त्यांवर आसरा शोधत फिरतात, तिथे थांबा. दोघांच्या तोंडावर डुकराचे मुखवटे आहेत. व्लादेकचं सोंग वठतंय, आन्याच्या कोटाखालून मात्र उंदराची लांब शेपटी लोंबतेय. तिच्या चेहऱ्यामोहऱ्यावरून ती ज्यू आहे हे चटकन ओळखू यायचं, हे लिहायला एक वाक्य पुरतं. पण ती शेपटी पाहिल्यावर पुढची कितीतरी पानं आपणच तिच्यासाठी जीव मुठीत धरून बसतो. हे फक्त कॉमिकच करू शकतं.

आणि आपल्या घरचं म्हणाल तर ‘भीमायन’. २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाणी, निवारा आणि प्रवासाचे प्रसंग त्यात आहेत. १९०१ मध्ये छोटा भीम भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघतो आणि मसूर स्टेशनावर उतरतो. जात कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण गाडी देतो, पण हाकायची ती पोरांनीच. सोबत खाण्याचा डबा आहे, पण रात्रभर पाणी मिळत नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलाय आणि आपल्यापैकी अनेकांनी तो वाचलेलाही आहे.

तरीही ‘भीमायन’ त्यात भर घालतं. व्याम दांपत्याने चौकटी आखायलाच नकार दिला, माणसांना अशा डब्यांत कोंडणं त्यांना मान्य नव्हतं. पानं मोकळी आहेत आणि त्यांच्यावर गोंड घरांच्या भिंतींवरचे डिगना नक्षीचे पट्टे वळणं घेत जातात. आगगाडी सापासारखी सरपटते, किल्ला हिंस्र जनावर होतो. सगळ्यात विलक्षण आहेत ते संवादांचे फुगे. सौम्य माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं आणि जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा असतो. दहा-वीस पानांनंतर फुग्याचा आकार दिसताच, एक अक्षरही न वाचता, अंगावर काटा येतो. अपमान आधी कानावर नाही, अंगावर येतो, हे या दोन कलावंतांनी नेमकं ओळखलंय. बाबासाहेबांवर शेल्फभर पुस्तकं वाचलेल्या माणसालाही हे द्यावं, किंबहुना त्यालाच आधी द्यावं.

आंदोलनांच्या बातम्या आस्थेने वाचणाऱ्याला ओरिजित सेनचं १९९४ मधलं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ शोधून द्या. त्यातल्या धरणाचं नाव रेवासागर असं काल्पनिक आहे, पण मणिबेलीसारख्या गावांची आठवण असलेल्या आपल्या वाचकाला खोरं कुठलं ते सांगावं लागणार नाही. आणि ज्यांना गंभीर काही नकोच, त्यांना ‘टिनटिन इन तिबेट’. त्यात खलनायक नाही, फक्त मित्र जिवंत असल्याची एकट्या टिनटिनची खात्री आणि पानोपानी बर्फ. घरात दहा वर्षांचं मूल असेल तर दोघांनी मिळून वाचा.

यातली बरीच पुस्तकं महाग आहेत, म्हणून ती वाचनालयात असायला हवीत, आणि योग्य कपाटात. एका वाचनालयात मी ‘माऊस’ बालविभागात, रंगवायच्या वह्यांशेजारी पाहिलं. मुलांना ते झेपणार नाही आणि ज्यांनी वाचायचं ते मोठे त्या कपाटाकडे फिरकणार नाहीत. ग्रंथपालांना माझी कळकळीची विनंती आहे: ‘पर्सेपोलिस’ आणि ‘माऊस’ आत्मचरित्रांत लावा आणि ‘भीमायन’ धनंजय कीर आणि चांगदेव खैरमोडे यांच्या आंबेडकर-चरित्रांच्या शेजारी ठेवा.