सॅक कोणाच्या नावावर?

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसं कोणी खेळत नाही, तरी त्यातल्या एका गोष्टीवर मला ठाम मत मांडायचंय. क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला पाडणं म्हणजे सॅक. बचाव फळीतल्या पोरांना कोच लोक या सॅकच्या आकड्यावरच तोलतात, ते चुकीचं आहे.

आधी काम काय ते बघू. क्वार्टरबॅकपुढे पाच तगडे रक्षक असतात आणि चेंडू फेकायला त्याला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याच्यापर्यंत पोचायचं. म्हणून चांगला कोच तीन गोष्टी घोटून घेतो. पहिली, नजर चेंडूवर. क्वार्टरबॅकच्या आरोळीला फसून आधीच रेषा ओलांडली तर पाच यार्डांचा दंड. दुसरी, हात. रक्षकाचे पंजे छातीवर बसण्याआधी झटकायचे. तिसरी, आपली वाट सोडायची नाही.

ही तिसरी गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. कडेचा गडी सॅकच्या हव्यासाने क्वार्टरबॅकच्या मागे खोलवर गेला, की पुढे भगदाड पडतं आणि क्वार्टरबॅक तिथून निसटतो. कबड्डीतली साखळी आठवा, एकाने हात सोडला की चढाईवाला सुटला. उलट मधल्या दोघांनी रक्षकांना मागे रेटलं, तर क्वार्टरबॅकला पुढे सरकायला जागाच उरत नाही आणि तो कडेच्या गड्याला आयता सापडतो. नाव लागतं कडेच्याचं. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा सॅक मिळतो, पण ज्याने नुसती वाट अडवली त्याला शून्य.

लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सचंच घ्या. 'सॅक' हा शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यालाच देतात. पण एनएफएलने सॅकची अधिकृत नोंद सुरू केली १९८२ मध्ये, तोवर तो निवृत्त झाला होता. अधिकृत यादीत त्याचा एकही सॅक नाही! तरी १९८० मध्येच तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. पाहणाऱ्यांना आकडा लागला नाही.

फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलमध्ये सलग १८ सामने जिंकून आलेल्या पॅट्रियट्सना जायंट्सने १७-१४ असं हरवलं. टॉम ब्रेडीला पाच वेळा पाडलं, आणि ते पाच सॅक चार जणांत वाटले गेले. एकटा हिरो नव्हता.

कोणी म्हणेल, सॅकने प्रतिस्पर्ध्याचे यार्ड जातात, मग तो मोजायचा नाही का? मोजा की! पण कोच जे मोजतो तेच पोरं शिकतात. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूची शिष्यवृत्ती पणाला लागलेली असते. फक्त सॅकला शाबासकी मिळाली, तर वाट धरून उभं कोण राहणार? म्हणून सामन्याची फिल्म दाखवताना कोचने आधी वाट अडवणाऱ्याचं नाव घ्यावं, पाडणाऱ्याचं नंतर. आणि तुम्ही कधी सामना पाहिलात, तर सॅक झाल्यावर पाडणाऱ्याच्या शेजारच्या गड्याकडे बघा.