शस्त्रक्रियागृहातील मौन

शस्त्रक्रियागृहात शांतता असावी, ही शिकवण आमच्या पिढीला पहिल्या दिवसापासून मिळाली. ज्येष्ठ सर्जन मान वर न करता हात पुढे करीत आणि हवे ते उपकरण त्या हातात पडे. प्रश्न विचारणे हे अज्ञानाचे आणि काही सुचविणे हे उद्धटपणाचे लक्षण मानले जाई. त्या शिस्तीचे ऋण मला मान्य आहे. तिच्यातील एका दोषाविषयी मात्र आज लिहावेसे वाटते.

वीसेक वर्षांपूर्वी इंदूरमधील एका रुग्णालयात मी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी उभा होतो. त्या दिवसातील ती पाचवी शस्त्रक्रिया. भूल दिलेली, डावी बाजू निर्जंतुक करून हिरव्या चादरी पसरलेल्या. मी हात पुढे केला. पण सिस्टरने ब्लेड दिले नाही. क्षणभर थांबून ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘सर, केस पेपर में राइट साइड लिखा है।’’

तिचे म्हणणे खरे होते. चूक संपूर्णतः माझी होती आणि रुग्ण केवळ तिच्यामुळे वाचला. नंतर मी तिला विचारले, की हे आधीच का सांगितले नाही? ती म्हणाली, ‘‘सर, लगा आपने कुछ सोचकर ही किया होगा।’’

हे उत्तर मनात रुतून बसले आहे. ती मला घाबरली असती, तर स्वभावाला मुरड घालून मी काही उपाय केला असता. पण येथे भीती नव्हती, विश्वास होता. भूलतज्ज्ञ, सहायक, सिस्टर आणि मामा अशा चौघांनी ती डावी बाजू पाहिली होती, आणि सरांनी विचार केलाच असेल असे प्रत्येकाने गृहीत धरले होते. विचार मात्र कोणीच केलेला नव्हता.

विमानसेवेने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाण करू पाहणाऱ्या डच विमानातील फ्लाइट इंजिनियरने ‘दुसरे विमान धावपट्टीवरून दूर झाले आहे ना?’ अशा अर्थाची शंका काढली होती. अतिशय अनुभवी कॅप्टनने ती झटकून टाकली, आणि शंका घेणाराही गप्प झाला. त्यानंतरच्या काळात वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने शंका बोलून दाखविणे आणि वरिष्ठाने ती ऐकून घेणे, या दोन्ही गोष्टी कौशल्य म्हणून शिकविल्या जाऊ लागल्या.

आपल्या क्षेत्रात जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी-सूची आणली. नवी दिल्लीसह आठ शहरांत घेतलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांच्या पाहणीत मात्र असा लक्षणीय फरक आढळला नाही. ती पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. याच्या कारणांविषयी मतभेद आहेत. पण रुग्ण टेबलावर येण्यापूर्वीच सर्व चौकोनांत बरोबरच्या खुणा झालेले कागद मी स्वतः पाहिले आहेत. कागद भरला जातो. तोंडे मात्र बंदच राहतात.

यावर काही ज्येष्ठ मित्र म्हणतात, ‘‘प्रत्येकजण बोलू लागला तर निर्णय कोण घेणार? रक्तस्राव सुरू असताना सभा भरवायची का?’’ आक्षेप योग्य आहे. संकटात आज्ञा एकाचीच चालली पाहिजे आणि जबाबदारीही त्याचीच असली पाहिजे. परंतु निर्णय एकाने घेणे वेगळे आणि माहिती एकापाशीच असणे वेगळे. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार मात्र मामांपासून भूलतज्ज्ञापर्यंत सर्वांना हवा. हा अधिकार कनिष्ठाने हिसकावून घ्यावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तो वरिष्ठानेच, सर्वांसमक्ष आणि रोज नव्याने द्यावा लागतो.

त्या दिवसापासून रुग्ण जागा असतानाच त्याला विचारून मी बाजूवर पेनाने खूण करतो. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाला नावाने हाक मारतो आणि विचारतो, ‘‘माझे काही चुकते आहे का?’’ ‘काही शंका आहे का?’ या प्रश्नाला ‘जी नहीं सर’ हेच उत्तर मिळते. चूक माझी असू शकते, हे मीच आधी बोललो तर उत्तर बदलते. शंका निराधार ठरली, तरीही आभार मानतो. याला एक मिनिटही लागत नाही.

आपल्या संस्थांच्या सभांतही ठराव एकमताने संमत होतात आणि खरी चर्चा चहाच्या वेळी जिन्यात रंगते. तेथे फार तर एखादा कार्यक्रम फसतो. शस्त्रक्रियागृहात मात्र आपल्या मौनाची किंमत भूल दिलेला, स्वतः काहीच बोलू न शकणारा माणूस मोजत असतो. त्याच्या वतीने कोणीतरी बोललेच पाहिजे, आणि ते ऐकून घेण्याची तयारी आधी आपण, हातात ब्लेड घेणाऱ्यांनी, दाखविली पाहिजे.